मोऱ्याचा खांदा

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी माझ्याकडे आली. लोणारच्या बाजूची, पीएच.डी. करणारी. तिचा विषय होता रूपककथा: सत्ता हातात आली की पुढारी कसा बिघडतो, हे बैल, कोल्हे, झाडं यांच्या तोंडून सांगणाऱ्या गोष्टी. तिच्या पिशवीतून माझ्या वडिलांची पुस्तिका निघाली, 'मोऱ्याचा खांदा', तालुक्याच्या छापखान्यात छापलेली, पिवळी पडलेली. अदबीने म्हणाली, "मॅडम, या गोष्टीतला पुढारी शेवटपर्यंत चांगलाच राहतो आणि लोकच कृतघ्न निघतात. बाकीच्या सगळ्या कथा नेमक्या उलट आहेत. तुमच्या वडिलांना काय म्हणायचं होतं?" मी तिला चहा दिला, मुरमुऱ्यांचा चिवडा दिला आणि सांगितलं की छापलेली गोष्ट मूळची नाही, तिचा शेवट वेगळा होता. तिने घाईघाईने वही काढली. मूळ शेवट मी तिला सांगितला. तो बदलला कसा, ते सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर त्यात मी येते. जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलं, पण पाहुण्यांपुढे आपली धुणी धुवायची सवय मला कधीच नव्हती. आता घरात मी एकटीच असते, तर लिहून टाकते.

आमचं गाव बीबीपासून पायी तासाभरावर. आम्ही भाजीपाला पिकवणारे. दीड एकर बागायत, एक विहीर, एक बैलजोडी. वडिलांना सारं गाव आप्पा म्हणायचं, म्हणून मीही आप्पाच म्हणे. उजाडलं की अंगणात मेथीच्या जुड्या बांधायचं काम सुरू व्हायचं. माय आणि कौसा मावशी समोरासमोर बसत. केळीच्या सोपाचा भिजवलेला धागा दातात धरून, जुडीला एक वेढा, एक गाठ, की टोपलीत. बोलणं चालूच. आत चुलीवर भाकरी फुगलेली असे, आणि पाट्यावर हिरवी मिरची रगडली की ठसक्याने आम्ही सगळेच खोकत असू. त्या ठेच्यावर माय कच्चं तेल सोडायची. बाजारच्या दिवशी आप्पा टोपल्या सायकलला बांधून बीबीला जात आणि संध्याकाळी एक पुडी गोडीशेव आणत. ती पुडी सोडायचा मान माझा, पण पहिला घास कौसा मावशीला द्यायचा, असा मायचा दंडक होता.

कौसा मावशी नाल्यापलीकडच्या वस्तीतली. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. आमच्या वाफ्यात निंदायला यायची. तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, बुबुळावर दुधाचा थेंब सांडल्यासारखं. मी लहान असताना माय शेतात आणि मी तिच्या मांडीवर, असंच सगळं झालं. माझी आंघोळ तिने घातली, उवा तिने मारल्या, मला गोवर निघाला तेव्हा उशाशी तीच बसली. मला सख्खी मावशी नव्हती आणि तिची उणीव मला कधी भासली नाही.

आप्पा सातवी शिकलेले, पण त्यांचं खरं शिक्षण पोळ्यात झालं. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी गावातल्या सगळ्या बैलजोड्या तोरणाखाली रांगेत उभ्या करतात आणि तोरण तुटायच्या आधी माणसं झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार ओळींचा टोमणा. पाटलाला, तलाठ्याला, सावकाराला, पाऊस न पाडणाऱ्या देवालासुद्धा. आमच्या गावाचा एक नियम होता: तोरणाखाली जे बोललं जाईल ते घरी न्यायचं नाही. वर्षभर ज्याच्यापुढे मान खाली, त्याला त्या एका दुपारी तोंडावर बोलता येत असे आणि त्यालाही हसावं लागे. आप्पा चार ओळींवर थांबत नसत. ते आख्खी गोष्ट सांगत, आणि दरवर्षी गाव तीच मागत असे.

गोष्ट अशी. एका गावचे धनी गाव सोडून गेले आणि मागे नुसते बैल राहिले. बैल म्हणाले, आता आपलं शेत आपणच वाहू. पण पुढे कोण चालणार? तर ज्याच्या खांद्यावर जुवाचा घट्टा सगळ्यात मोठा, तो. घट्टा निघाला मोऱ्याचा. पहिल्या साली मोऱ्या स्वतः वखर ओढी आणि बाकीच्यांना हाक मारी. मग म्हणाला, खांद्यावर माश्या बसतात, मला झूल द्या. झूल आली. झुलीवर जू बसेना, म्हणून मोऱ्या नुसताच पुढे चालू लागला. मग चालणंही थांबलं. सावलीत उभा राहून दुसऱ्यांची तासं सरळ की वाकडी ते सांगू लागला. अशी चार सालं गेली. एका पोळ्याला एक म्हातारी गाय म्हणाली, बाबा, खांदा दाखव. झूल काढली, तर खाली मऊ केस उगवलेले आणि घट्ट्याचा पत्ता नाही. इथे आप्पा थांबत. कुणी म्हणे मारा त्याला, कुणी म्हणे हाकला. आप्पा हात वर करत आणि गाईच्या आवाजात म्हणत, "उद्या वखराले ये बाबा. दोन दिस दुखन, मंग सवय होईन." आणि सगळा पोळा हर हर महादेव म्हणून गर्जत असे. ते ऐकताना पाटील मान खाली घालायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

या गोष्टीनेच आप्पांना सरपंच केलं. लोक म्हणाले, जो माणूस मोऱ्याची गोष्ट सांगतो तो स्वतः मोऱ्या कसा होईल? मलाही तेव्हा हा हिशेब बिनतोड वाटला होता. चाळीस वर्षं पोरांना धडे शिकवल्यावर आता कळतं, की धडा तोंडपाठ असणाऱ्यालाच तो आपल्याला लागू नाही असं आधी वाटतं.

सुरुवातीला आप्पांनी चांगलीच कामं केली. शाळेवरचे पत्रे बदलले, मारुतीपुढचा चिखल बुजवला. मग नळयोजना आली. टाकी आमच्या घरामागच्या उंचवट्यावर बांधली आणि नळ नाला ओलांडून वस्तीत जायचा असं ठरलं, कारण विहिरी आमच्याकडे होत्या, वस्तीकडे नव्हत्या. पाइप कमी पडले. आप्पा म्हणाले, सध्या नळ आपल्या अंगणाच्या भिंतीला बसवू, पाइप आले की सरकवू. पाण्याची नासाडी नको म्हणून चावी आमच्या घरात, खुंटीला. ते 'सध्या' तीन वर्षं चाललं. वस्तीतल्या बाया सकाळ-संध्याकाळ नाला उतरून यायच्या, हंडे ओळीने मांडायच्या आणि माय चावी घेऊन बाहेर येईपर्यंत उकिडव्या बसायच्या. हळूहळू कुणी चार वाळकं आणू लागलं, कुणी वाटीभर मूग. माय ते परत करायची. आप्पा म्हणायचे, "ठेव ना, प्रेमानं देऊन राह्यल्या." मायला अवघड वाटायचं. मला वाटत नव्हतं. खुंटीवरची चावी मी काढली की वीस बाया उभ्या राहायच्या, आणि मला ते आवडायचं. आज हे लिहिताना कान गरम होतात, पण आवडायचं.

आप्पांचं अक्षर गिचमिड, माझं वळणदार. म्हणून दर पोळ्याआधी गोष्ट वहीत चांगल्या अक्षरात उतरवून द्यायचं काम माझं. म्हणूनच आप्पा बदलताना गावाच्या आधी मला दिसले. सरपंच झाल्यावरच्या पहिल्या पोळ्याला त्यांनी एकच ओळ बदलली: झूल मोऱ्याने मागितली नाही, बैलांनीच आग्रहाने घातली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. पुढच्या वर्षी मोऱ्या सावलीत उभा राहायचा तो दमल्यामुळे, असं आलं. त्याच्या पुढच्या वर्षी झूल काढल्यावर केस निघाले, पण थोडेच. कुंपणानेच शेत खावं, पण इतकं हळूहळू, की बांधावर उभ्या असलेल्यालाही कळू नये. प्रत्येक वेळी मी जुनं पान फाडून नवं डकवत होते आणि खळ घरातच होती.

चौथ्या वर्षी मी मॅट्रिक झाले आणि बुलडाण्याच्या डी.एड.ला माझा नंबर लागला. यादी उशिरा लागली, पोळ्याच्या तोंडावर. गावातली बाहेर शिकायला जाणारी मी पहिली मुलगी. कागदावर वडिलांची सही हवी होती. त्याच आठवड्यात चावडीपुढे गावसभा भरली. तेव्हा बाया सभेत बसत नसत. कडेला उभं राहून ऐकत. आप्पांचं भाषण संपल्यावर कौसा मावशी तिथूनच म्हणाली, "आप्पा, सारं बेस झालं. पण नळ नाला कवा वलांडन?" तिच्या आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं तिने. लोक हसले. आप्पाही हसले. घरी आल्यावर मात्र ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वही दिली. नवा शेवट लिहिला होता. म्हातारी गाय आता नुसती म्हातारी नव्हती. तिच्या डाव्या डोळ्यात फूल होतं. ती सगळ्यांच्या आधी पाणी पिई, सगळ्यांच्या सावलीत झोपे आणि कुरकुर करी. ती म्हणाली, खांदा दाखव. मोऱ्याने शांतपणे झूल काढली. घट्टा तसाच होता, सोन्यासारखा चमकणारा. त्या तेजाने गाईचा दुसराही डोळा दिपला, आणि कळपाने तिला नाल्यापलीकडे हाकललं. मी दोनदा वाचलं.

"आप्पा, हे तर कौसा मावशी हाये."

"गोष्टीत माणूस नसते, पोरी. जनावर असते."

"पह्यले तर तुमीच म्हणत होते, की गोष्टीत सारं गाव असते."

आप्पा चिडले नाहीत. ओट्यावर बसले, पायातला काटा काढतात तसा पाय मांडीवर घेऊन. "त्या पाइपासाठी मी तालुक्याले किती खेपा घातल्या, तुले माहीत हाये? साह्यबापुढं उभा राहून राहून पाय सुजले माहे. अन् हे बाई भर सभेत इचारते, कवा वलांडन. अन् लोक हासतात. मले काईच लागत नसन का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्या पीएच.डी.वाल्या मुलीच्या पुस्तकांतले बिघडलेले राजे सगळे जाणूनबुजून बिघडलेले असतात. आप्पांना अगदी मनापासून वाटत होतं, की अन्याय त्यांच्यावर झालाय. थोड्या वेळाने ते म्हणाले, "यंदा तू वाच. तालुक्याहून पाव्हणे येऊन राह्यले. सरपंचाची पोरगी तोरणाखाली वाचते म्हणजे गावाचं नाव होईन." मग उठता उठता, "सहीचं म्हणत होती ना तू? पोळा होऊ दे. मंग पाहू."

धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. मला मात्र सगळं समजलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मायने बैलांचे खांदे हळद-लोणी लावून मळले आणि त्यांच्या कानात नेहमीचं निमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी जवळच उभी होते. मायला सांगावं असं दहादा मनात आलं. मायला वाचता येत नव्हतं. तिच्या लेखी गोष्ट जुनीच होती. सांगितलं असतं तर तिने वही चुलीत घातली असती आणि माझी सही गेली असती. मी बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळा मोजत बसले.

दुसऱ्या दिवशी घरात पुरण शिजल्याचा वास, कढईत भजी, आणि बाहेर वाजंत्री. तोरणाजवळ पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या आणि मधल्या खुर्चीवर आप्पा. आजवर ते बैलाची वेसण धरून मातीत उभे असत. आमची जोडी त्या दिवशी चुलत्याने धरली होती. बाया मारुतीच्या पाराजवळ उभ्या होत्या. माय आणि कौसा मावशी शेजारी शेजारी. मावशीने मला पाहून मान हलवली, म्हणजे घाबरू नको. मी पहिल्यांदाच इतक्या लोकांपुढे उभी होते आणि मनातून भ्याले होते, हे तिच्याशिवाय कुणाला कळलं नसावं.

मी वाचायला लागले. पहिल्या दोन-तीन वाक्यांतच भीती गेली. माझा आवाज खणखणीत होता, भोंग्यातून तो नाल्यापर्यंत जात होता आणि तीनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मनात योजलं होतं ते असं: शेवट आला की वही मिटायची आणि पाठ असलेलं जुनंच म्हणायचं. गाईचं पान आलं. मी वर पाहिलं. आप्पा हसऱ्या चेहऱ्याने बघत होते, शेजारचे साहेब त्यांच्या कानाशी लागून माझ्याकडे बोट दाखवत होते. मी वाचलं, "तिच्या डाव्या डोळ्यात फूल होतं."

कुणीतरी खुसखुसलं. मग दोघे. आणि मी थांबले. हे कुणीही मला सांगितलं नव्हतं, वहीत तिथे पूर्णविरामाशिवाय काही नव्हतं. पण हसू वाढायला जागा द्यायची असते, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. मी ती जागा दिली. हसू पारापर्यंत पोहोचलं आणि सगळे वळून बघू लागले. कौसा मावशीने पदर डोळ्यावर ओढला. क्षणभराने तिनेच तो बाजूला केला आणि दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहत राहिली. मी पुढचं सगळं वाचलं. हर हर महादेव झालं, तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल उधळत घराकडे निघाले. तोरणाखालचं घरी न्यायचं नाही, हा नियम दुबळ्याला मोठ्यापुढे तोंड उघडता यावं म्हणून होता. त्या दिवशी आम्ही तो उलटा फिरवला आणि मावशीला हसण्यावारी न्यायलाही जागा ठेवली नाही.

संध्याकाळी मायने आप्पांना आणि मला पुरणपोळी वाढली, वर तूप घातलं, कढी दिली. स्वतः बसली नाही. आप्पा खुशीत होते. जेवण झाल्यावर त्यांनी चष्मा मागितला आणि कागदावर सही केली. ते बाहेर गेल्यावर माय माझ्यासमोर बसली. उष्टं ताट हातात तसंच होतं.

"तुले माहीत होतं, काय लिवलं हाये ते?"

"हाव."

"मंग काऊन वाचलं?"

मी कागदाकडे पाहिलं. मायनेही पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुह्या बापाले बिघडाले चार वर्सं लागले. तुले एक दुपार पुरली." ती उठून ताटं घासायला गेली. त्यानंतर ती या विषयावर माझ्याशी कधीही बोलली नाही, आणि मीही नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. आप्पा पुढची निवडणूक हरले. नवा सरपंच आला आणि महिनाभरात नळ नाल्यापलीकडे गेला. आप्पांनी पदरमोड करून पुस्तिका छापली, माझ्याच अक्षरातल्या वहीवरून. म्हातारपणी ते मऊ झाले होते, नातवंडांना गोष्टी सांगायचे, पण मोऱ्याची नाही. मी कधी विचारलं नाही. पुढे मी मुख्याध्यापक झाले, तेव्हा माझ्याबद्दलही शिक्षक काही ना काही बोलत असतील. माझ्या खोलीचं दार लोटून ते आत येत, तेव्हा त्यांचं हसू आधीच तोंडावर तयार असे. ते मला दिसायचं आणि मी खुर्चीवरून उठत नसे.

पण लिहायचं राहिलंय ते निघायच्या दिवसाचं. पोळ्यानंतरचा चौथा की पाचवा दिवस असेल. त्या दिवसांत कौसा मावशी जुड्या बांधायला आली नाही. बीबीहून सकाळची एसटी पकडायची होती. बुलडाण्याला पोहोचेपर्यंत अख्खा दिवस जाणार, म्हणून मी फिरकीचा तांब्या भरून घ्यायला अंगणात आले. नळ चालू होता आणि बायांची रांग लागलेली. सगळ्यात पुढे कौसा मावशी होती. तिचा हंडा नळाखाली होता, निम्मा भरलेला.

तीन रात्री मी मनाशी वाक्यं जुळवली होती. मावशी, माफ कर. मावशी, सहीसाठी वाचलं.  मी तांब्या हातात धरून नुसती उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आप्पांकडे वस्तीतले लोक बघायचे तसं पाहिलं. मग वाकून तिने तो निम्मा हंडा नळाखालून ओढून बाजूला घेतला, पदराने हात पुसले आणि एक पाऊल मागे सरली.

"भरा ताई," ती म्हणाली. "तुमी आधी भरा."

जिने मला आंघोळी घातल्या ती मला अहो-जाहो करत होती. नाही म्हणायला हवं होतं. तिचा हंडा उचलून पुन्हा नळाखाली ठेवायला हवा होता. त्याला असा किती वेळ लागला असता? रांगेतल्या बाया बघत होत्या, पाणी फरशीवर वाया जात होतं, आप्पा सायकल घेऊन दारातून हाका मारत होते, एसटीची वेळ होत आली होती.

मी वाकले आणि तांब्या नळाखाली धरला.